गिरिजाक्काची पाठराखीण

माझं खताचं दुकान आहे, पेठ वडगावच्या रस्त्याला, गावात शिरता शिरता डाव्या हाताला. आत युरियाची थप्पी आहे, भिंतीवर हिरव्यागार पिकांची कॅलेंडरं आहेत आणि काउंटरच्या शेजारी, येणाऱ्याच्या नजरेत भरेल अशा जागी, मातीचा एक डेरा आहे. त्या डेऱ्यात ज्वारी आहे. ज्वारी म्हणायची ती नुसती पानांच्या आकारावरून. रंग पिवळा, कडा जांभळट, आणि उंची अशी की कुठल्याही शेतकऱ्यानं लाजेनं मान खाली घालावी. नवीन गिऱ्हाईक आधी डेऱ्याकडं बघतं, मग माझ्याकडं, मग बाहेर जाऊन पाटी वाचून येतं. "पावणं, गावाला खत इकताय आन् घरच्या ज्वारीला चिमूटभर घालवंना व्हय?"

या प्रश्नाला मी आजवर पुष्कळ उत्तरं दिली. बी खराब निघालं म्हणालो, ऊन लागत नाही म्हणालो, एकाला तर ही शोभेची ज्वारी आहे म्हणून सांगितलं. त्यानं ते खरं मानलं आणि बी मागितलं. खरं उत्तर द्यायचं तर गिरिजाक्का सांगावी लागते, आणि तेवढा वेळ कुणाला नसतो. गिरिजाक्का जाऊन आता दोन वर्षं होतील. तेव्हा एकदाच लिहून टाकतो, म्हणजे पुढं विचारणाऱ्याच्या हातात कागद देता येईल.

गिरिजाक्का माझी शेजारीण. दुकानाच्या पाठीमागं तिचा दहा गुंठ्यांचा तुकडा, त्यात वांग्याच्या आणि मिरचीच्या रोपांचे वाफे, आणि वाफ्यांच्या मध्ये दोन खोल्यांचं घर. उंचीनं बेताची, आवाजानं दुप्पट. कपाळाला विभूती आणि कमरेला खुरपं. खुरपं ती देवळात जातानाही काढत नसे. माहेर सीमेपलीकडचं, कानडी मुलखातलं. लग्न होऊन आली तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता म्हणे. नंतर मराठी आली ती अशी आली, की गावातली बोलणारी माणसं गप्प बसून ऐकायला लागली. मला ती 'तम्मा' म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तेवढा एक शब्द सोडला तर वीस वर्षांत मी तिच्या तोंडून कानडी ऐकली ती एकदाच, आणि ती माझ्यामुळं. ते पुढं येईल.

रोज दहाच्या सुमाराला वाफ्यांना पाणी घालून ती दुकानात यायची आणि युरियाच्या पोत्यावर बसायची. युरियाचा तिच्या मते एवढाच उपयोग होता. घ्यायचं काही नसायचं, पण मत द्यायचं असायचं. एखादा शेतकरी आकसलेला मिरचीचा शेंडा घेऊन आला आणि मी कपाटातून बाटली काढायला वळलो, की पाठीमागून आवाज यायचा.

"युरिया किती टाकलास रं?"

"दोन पोती, अक्का."

"मग बरोबर हाय की. पाला कवळा लुसलुशीत झाला. तू पंगत मांडलीस, किडं जेवाय बसलं. आता त्यास्नी उठवायचं औषध मागाय आलायस व्हय?"

शेतकरी विचारात पडायचा आणि बाटली न घेता जायचा. मी म्हणायचो, "अक्का, दुकान हाय माझं."

"मग मी कुठं देऊळ म्हणतोय?" असं म्हणून ती पोत्यावर नीट मांडी घालून बसायची.

तिची रोपं घेणं हे सोपं काम नव्हतं. गिऱ्हाईकाची चौकशी व्हायची. रान कुठलं, पाणी कुठलं, आधी काय होतं, आणि सगळ्यात शेवटी, मुद्दाम सहज विचारल्यासारखं, "लावताना बुडात काय घालणार?" यावर "डीएपी" असं पोत्यातल्या खताचं नाव आलं की संपलं. एका बागायतदारानं जीप भरून रोपं घेतली होती, जीप चालू करता करता हा प्रश्न आला, आणि त्यानं मोठ्या अभिमानानं "मूठ मूठ डीएपी" म्हणून सांगितलं. अक्कानं जीपमधून सगळी रोपं परत उतरवून घेतली. तो माणूस बिचारा आपल्याच जीपशेजारी, मुलगी नाकारलेल्या मुलासारखा उभा राहिला.

जे पास व्हायचे त्यांना ती प्रत्येक रोपाच्या मुळाशी ओंजळभर माती घट्ट बसवून द्यायची आणि बजावायची, "ही माती झटकायची न्हाय. पाठराखीण हाय ती."

पाठराखीण हा अक्काचा शब्द. पोरगी पहिल्यांदा सासरी निघाली की घरातली एखादी जाणती बाई सोबत पाठवायची आपली रीत आहे. नव्या घरात मीठ कुठं ठेवतात, कुणाशी कसं वागायचं, कुणापासून चार हात लांब राहायचं, हे पोरीच्या कानात सांगायला. अक्काचं म्हणणं, रोपाचंही तेच. "ह्या मातीत बारीक बारीक धागं असत्यात. ते मुळासंगं जात्यात. लांबचं खायाला आणून देत्यात आन् वैरी आला की पोरीला आधी उठवत्यात. पण सासरच्यांनी पयल्या दिवसापासून समदं आयतं हातात दिलं, तर पाठराखीण कशापायी ऱ्हाईल? ती जाती माघारी. पोरगी गुबगुबीत हुती खरी, पण एकटी. मग वैरी आला की ती झोपल्यालीच."

यात तिनं अख्खा एक धडा सांगून टाकला होता, हे मला कळत होतं. मी शेतीची पदवी घेतली आहे आणि हेच लिहून मार्क मिळवले आहेत. मुळांवर एक उपयोगी बुरशी राहते. मुळं जिथवर पोचत नाहीत तिथून ती स्फुरद आणते, आणि रोप त्याबद्दल तिला आपल्या पानात तयार झालेली साखर पाजतं. ती राहायला आली की रोपाचा पहाराही जागा होतो; मर रोग मुळाशी आला, अळी पानाला लागली, तर असं रोप लवकर सावध होतं आणि पाल्यात कडू रस भरतं. पण जमिनीत स्फुरद आयतं आणि भरपूर असलं की रोप मतलबी होतं. साखर कशाला वाया घालवा, म्हणून बुरशीला दाराबाहेर ठेवतं. तिच्याबरोबर पहाराही जातो. हे सगळं मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं आणि दुकान टाकल्यावर सोयीनं विसरलो होतो.

मावा मात्र, म्हणजे पानांचा रस शोषणारे बारीक किडे, तिच्याही रोपांवर यायचा, कधी कधी दुसऱ्यांपेक्षा जास्तच. एकदा माव्यानं भरलेलं पान मी मोठ्या आनंदानं तिला नेऊन दाखवलं. तिनं बघितलं आणि म्हणाली, "येतोय की. पाठराखीण हाय ती, पोलीस न्हवं."

एकदा शेती कॉलेजातले एक सर तिची कीर्ती ऐकून सूक्ष्मदर्शक घेऊन आले. त्यांनी तिच्या वांग्याची मुळं धुतली, औषधात उकळली, निळ्या रंगात बुडवली आणि काचेवर ठेवून तिला बघायला बोलावलं. अक्कानं डोळा लावला. बराच वेळ काढला नाही. सरांना वाटलं, बाई भारावली. मग तिनं मान वर केली.

"हीच. पण हिला निळं लुगडं कुणी नेसवलं?"

सर म्हणाले, "आजी, रंग दिल्याशिवाय ती दिसत नाही."

"मला दिसती की न दिसता," अक्का म्हणाली आणि त्यांना चहा केला. निघताना सरांनी तिला बुरशीचं शास्त्रीय नाव सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. तिनं कागद घडी करून विभूतीच्या डबीखाली ठेवला. "असू दे. घरच्या बाईला आपण कुठं नावानं हाक मारतोय?"

ही पाठराखीण ती जपायची कशी, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिच्या मागच्या सोप्यात दोन डेरे होते. दिवाळी झाली की त्यात जुनी माती घालून ज्वारी टोकायची. खत नाही, काही नाही, फक्त पाणी. भुकेल्या ज्वारीची मुळं धाग्यांनी भरून जायची. गुढीपाडव्याच्या आधी पाणी तोडायचं, ज्वारी वाळवायची, मुळं बारीक तोडून त्याच मातीत मिसळायची, आणि ती माती नव्या वाफ्यांना लावायची. मूठभर राखून पुन्हा डेऱ्यात. घरात विरजण राखतात तसंच. ही माती तिच्या आईच्या परड्यातली. लग्नात सासरी निघताना आईनं पदराच्या टोकात बांधून दिली होती. आई परत भेटली ती एकदाच, तीही आईला बोलता येत नव्हतं तेव्हा. फोटो नव्हता, दागिना नव्हता. अक्काकडं आईचं म्हणून जे काही होतं ते त्या दोन डेऱ्यांत होतं.

म्हणूनच धोंडीरामाचं नाव काढलं की ती पेटायची. धोंडीराम पलीकडच्या बांधाचा. तोही रोपं करायचा. कंजूष असा, की चप्पल झिजू नये म्हणून हातात घेऊन चालायचा आणि काटा मोडला की पायाला शिव्या द्यायचा. चहा प्यायला तो कुणाच्या घरी पाहुणे आल्याची बातमी लागेपर्यंत थांबायचा. माझ्या दुकानात यायचा तो रिकामी पोती मागायला. खताचं एक पाकीट त्यानं जन्मात घेतलं नाही. शेणसुद्धा रानात घालत नसे, शेणी थापून चुलीला घालायचा. पुढचं घडायच्या अकरा वर्षं आधी एका पाडव्याला अक्काच्या डेऱ्यातली घमेलंभर माती नाहीशी झाली, आणि त्या साली धोंडीरामाच्या वांग्याला मर लागली नाही. अक्काला पुरावा लागत नव्हता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बंद म्हणजे समोरासमोर बंद. बांधावर उभी राहून ती वाऱ्याला, म्हशीला, आभाळाला उद्देशून रोज अर्धा तास बोलायची, आणि धोंडीराम पलीकडं खाली मान घालून तण भांगलायचा.

मग अक्काच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. संक्रांत झाल्यावर पुण्याचा मुलगा न्यायला आला. दोन महिने तिकडंच राहायचं ठरलं. डेऱ्यांत ज्वारी गुडघाभर होती. जायच्या दिवशी तिनं ते दोन्ही डेरे माझ्या दुकानाच्या मागच्या पडवीत आणून ठेवले.

"तम्मा, पाणी. बाकी कायबी न्हाय. समजलं?"

"अक्का, मी पदवीधर हाय."

"म्हणून तर दोनदा सांगतोय," ती म्हणाली.

मी शपथेवर सांगतो, मी लबाडीनं काही केलं नाही. मायेनं केलं. आमच्याकडं पाहुणा नको नको म्हणत असला तरी वाढायची रीत आहे. त्यानं ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढतात. त्यात माझ्या पडवीत ही दोन डेरे ज्वारी उपाशी, पिवळी पडलेली, आणि चार पावलांवर खताची थप्पी. पोती भरायला मागं येणारा प्रत्येक जण टोमणा मारून जायचा. "दिव्याखाली अंधार म्हणत्यात त्यो ह्योच काय?" बायको म्हणाली, "म्हातारी येईस्तवर हे वाळलं तर तोंड कसं दाखवणार?" मी आठ दिवस तग धरला. नवव्या दिवशी पाण्यात विरघळणारं एकोणीस-एकोणीस चिमूटभर टाकलं. नत्र, स्फुरद, पालाश, तिन्ही एकाच पाकिटात. ज्वारीनं मान उचलली. मला भरून आलं. पुढच्या आठवड्यात चमचा झाला. मग चमचा विसरून पाकीट झालं. होळीच्या सुमाराला ज्वारी माझ्या खांद्याला लागली, पानं काळीभोर हिरवी. मी फोटो काढून तिच्या मुलाला पाठवला. त्यानं लिहिलं, वा.

अक्का परत आली ती डोळ्यांवर मोठा काळा चष्मा लावून. गाडीतून उतरली आणि घरी न जाता थेट माझ्या पडवीत आली. मी मागं उभा, कौतुक ऐकायच्या तयारीत. तिनं चष्मा काढला. ज्वारीकडं बघितलं. पान दोन बोटांत धरून चुरडलं. मग एक धाट मुळासकट उपटलं, पाण्याच्या बादलीत मूळ विसळलं, उजेडाकडं धरून नव्या डोळ्यानं बघितलं.

"काय घातलंस?"

"पाणी."

"पाण्यात?"

माझी नजर खताच्या थप्पीकडं गेली. ती खाली बसली, डेऱ्याच्या काठाला हात धरून. मला वाटलं आता सुरू होईल, आणि मला ते हवं होतं. पण ती एवढंच म्हणाली, "अव्वा." मग आणखी काहीतरी कानडीत, हळू, डेऱ्याशी. मला त्यातला अव्वा एवढाच शब्द कळला. अव्वा म्हणजे आई.

मी त्याच दिवशी मुळं घेऊन कॉलेजातल्या सरांकडं पळालो. त्यांनी निळं लुगडं नेसवून बघितलं. जवळजवळ काहीच नाही म्हणाले. मातीत बीजं कुठंतरी असतील, दोन-तीन हंगाम उपाशी ठेवा, येईल कदाचित. नाहीतर कुठल्याही जुन्या बांधाखाली अशी बुरशी मिळते, तीही चांगली असते. मी परत येऊन तिला ते सांगितलं.

"मिळंल की," अक्का म्हणाली. "बाई मिळंल. माझी आई मिळंल का?"

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती दुकानात आली. पोत्यावर बसली नाही. काउंटरसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दुकानदार, मिरचीच्या रोपावर फवारायला काय हाय तुमच्याकडं?"

वीस वर्षांत तिनं मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हटलं, आणि पहिल्यांदाच काहीतरी विकत मागितलं. इतकी मोठी शिक्षा मला मास्तरांनी दिली नाही, वडिलांनी दिली नाही. मी बाटली दिली नाही. औषध संपलंय म्हणून खोटं बोललो. माझ्या पाठीमागं कपाट बाटल्यांनी भरलेलं होतं.

त्या दुपारी मला जेवण गेलं नाही, आणि न जेवता विचार करताना एकदम धोंडीराम आठवला. अकरा वर्षांपूर्वी एक घमेलं माती तिकडं गेली होती. ज्याचं घर खतानं कधी बाटलं नाही असा आख्ख्या पंचक्रोशीत तो एकच माणूस. मी उठलो आणि त्याच्याकडं गेलो. त्यानं चहा विचारला नाही.

"धोंडीबा, खरं सांगा. अक्काची माती न्हेलतीसा न्हवं?"

त्यानं हातातली चप्पल उलटी करून तिचा तळ बघितला. मग म्हणाला, "त्या कोपऱ्यात टाकल्या. म्हशीचं कडवळ करतो तिथं. दरसाल तिथंच."

कडवळ म्हणजे वैरणीची ज्वारी. अकरा वर्षं तीच माती, तीच ज्वारी, आणि वर चिमूटभरही खत नाही. अक्कानं डेऱ्यात जे व्रत केलं, ते या माणसानं कंजूषपणानं केलं होतं. मी काय झालं ते सांगितलं आणि म्हणालो, "अक्का मागाय आली तर द्याल का?"

"मागाय आली तर मला बोलाय लागंल," धोंडीराम म्हणाला. "अकरा वर्सांत काय बोलायचं ते अजून ठरलं न्हाय. तिला म्हणावं, चोरून ने. मी बघत न्हाय."

हे अक्काला सांगायला माझी जीभ धजेना, पण सांगितलं. ती ताडकन उठली. "त्या चोराच्या दारात मी? माझीच वस्तू मी मागू?"

"मागायची न्हाय, अक्का. चोरायची."

ती थांबली. कमरेचं खुरपं चाचपलं. हे तिला पटण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी आम्ही निघालो. पुढं अक्का, काळा चष्मा लावलेली, पदर खोचलेला. मागं मी, डोक्यावर घमेलं. मोकळ्या रानात लपायला काही नव्हतं, तरी ती वाकून चालत होती, म्हणून मीही वाकलो. धोंडीराम घराच्या दारात बाजलं टाकून बसला होता. आम्हाला बघितलं आणि बाजल्यासकट उठून त्यानं तोंड रस्त्याकडं केलं. पाठ आमच्याकडं. पाठीवरून दिसत होतं की त्याला मागं वळायची फार इच्छा आहे.

कडवळाच्या कोपऱ्यात गेलो तर जमीन ओली होती. त्या दिवसांत रान दगडासारखं झालेलं असतं, आणि धोंडीरामासारखा माणूस पाण्याची घागर उगाच ओतत नाही. बरोबर मधोमध त्याचं खुरपं मातीत उभं खोचून ठेवलेलं होतं. अक्कानं ते बघितलं. आपलं खुरपं काढलं नाही, त्याचंच उपसलं आणि खणायला बसली. पहिलं ढेकूळ फोडलं, मुळाची जुडी उजेडाकडं धरली. मी तोंडाकडं बघत राहिलो. तिनं विसळायला पाणी मागितलं नाही, यावरून मला कळलं, धागे शाबूत आहेत.

घमेलं भरल्यावर तिनं ओच्यातून एक नारळ काढला आणि खड्ड्यात ठेवला. वर खुरपं पुन्हा उभं खोचलं. मग धोंडीरामाच्या पाठीला ऐकू जाईल अशा आवाजात आभाळाला म्हणाली, "माती बरी राखल्या. पण कडवळ अजून दाट पेरायला पायजे हुतं."

बाजल्यावरची पाठ हलली. "बी महाग हाय," पाठ म्हणाली.

दुसऱ्या दिवशी धोंडीराम माझ्याकडं आला आणि नारळ खवट निघाला म्हणून तक्रार करून गेला. पण त्यानंतर बांधावरचं अर्ध्या तासाचं भाषण बंद झालं. म्हणजे चालूच राहिलं, फक्त आता मधून मधून पलीकडून उत्तर यायचं. त्या साली तिची रोपं उशिरा आली, पण आली. मला पोत्यावरून पुन्हा 'तम्मा' ऐकू यायला मात्र आषाढ उजाडला. एक शेतकरी बाटली घेऊन पैसे द्यायला लागला आणि ती म्हणाली, "तम्मा, बाटली ठेव की आत." मला इतका आनंद झाला की मी खरंच आत ठेवली.

वर्षानं उजवा डोळा. पुन्हा संक्रांत, पुन्हा मुलाची गाडी, पुन्हा गुडघाभर ज्वारी. मी मुद्दामच तिच्याकडं गेलो नाही. माझ्याकडं कोण कशाला ठेवेल, धोंडीबाकडं ठेवेल, असं धरून बसलो होतो. तर गाडी दुकानासमोर थांबली आणि मुलगा एक डेरा छातीशी धरून आत आला, पाठोपाठ अक्का.

"मागं न्हाय. हितं. काउंटरपशी."

"अक्का, लोक हसतील."

"हसू देत. हसतील म्हंजी बघतील. मागच्या खेपंला पडवीत ठेवलं, तू काय वततोस ते बघायला कोण हुतं?"

"धोंडीबाकडं का ठेवला न्हाईस?"

"एक हाय त्याच्याकडं. पर त्यो म्हणंल माझाच." ती डेऱ्याच्या काठावरची माती बोटानं पुसत होती. "तू चोर न्हाईस, तम्मा. नुसता येडा हाईस."

ती परत आली नाही. डोळा चांगला झाला होता, मुलगा सांगत होता, पंधरा दिवस तिनं चौथ्या मजल्यावरून सगळी झाडं नीट बघून त्यांना नावं ठेवली. मग एका सकाळी उठली नाही. आता पाडव्याला मी ज्वारी वाळवतो, मुळं तोडतो, मूठभर राखून पुन्हा डेऱ्यात घालतो, आणि बाकीची माती धोंडीराम नेतो. रोपं तोच करतो. मुळाची माती झटकू नका म्हणून गिऱ्हाईकाला सांगतो, तेही तिच्याच आवाजात, उगाच जोरात. ती गेली हे मला त्या आवाजामुळं जास्त कळतं.

डेरा ठेवून गेली त्या दिवशी गाडी निघाली, दहा पावलं गेली आणि थांबली. अक्का उतरली. उन्हात डोळ्यांवर हात धरून चालत आत आली. डेऱ्याशेजारी काउंटरवर एकोणीस-एकोणीसच्या पाकिटांचा डबा होता, नेहमीच असतो, खपाचा माल. तिनं तो उचलला आणि फळीवर ठेवायला गेली. हात पुरेना. मग माझ्या हातात दिला.

"वर ठेव."

मी वरच्या फळीवर ठेवला.

"अजून वर."

मी स्टुलावर चढून कपाटाच्या माथ्यावर ठेवला. ती मागं सरून चांगल्या डोळ्यानं अंतर बघत उभी राहिली.

"अजून."

त्याच्या वर तुळईच होती. मी शिडी आणली आणि डबा तुळईवर ठेवला. तेव्हा ती गाडीत जाऊन बसली. गाडी वळणावर गेली तेव्हा तिचा हात खिडकीबाहेर होता आणि बोट आभाळाकडं होतं.

डबा अजून तिथंच आहे. कुणी एकोणीस-एकोणीस मागितलं की मला शिडी लावावी लागते.